ओरडणारं आधी काढलं

ऑक्टोबर महिना मला मनापासून आवडत नाही. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या रिकाम्या जागेत ऊन पाय पसरून बसतं. एप्रिल-मेच्या उन्हाचं मी समजू शकते. ते निदान आंबे देतं, सुट्ट्या देतं. ऑक्टोबरचं ऊन काही म्हणजे काही देत नाही. रस्त्यावरच्या खड्ड्यांतला चिखल वाळतो आणि त्याची धूळ नाकातोंडात जाते. संध्याकाळी जरा बरं वाटेल म्हणून बाहेर पडावं, तर सप्तपर्णीची झाडं फुललेली असतात. या झाडाचं कौतुक करणारे लोक पुण्यात आहेत. त्यांची घरं त्या झाडाखाली नसावीत. माझ्या खिडकीबाहेर एक आहे, आणि दिवेलागणीला त्याचा वास घरात शिरला की माझं डोकं रात्रीपर्यंत ठणकत राहतं.

त्यात आज गुरुवार. पुण्याबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे गुरुवार हा दत्ताचा वार आहे आणि दुरुस्तीचाही. तारा, खांब, पाण्याच्या टाक्या, काय असेल नसेल ते गुरुवारी दुरुस्त करायचं, म्हणजे लाइट नाही आणि पाणीही नाही. बरेच लोक गुरुवारचा उपास धरतात. त्यांतले देवासाठी किती आणि स्वयंपाक टळावा म्हणून किती, हे विचारायची सोय नाही.

मघाशी लाइट गेली. पंखा गरगरत थांबला. वारज्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लगेच दारं उघडून 'तुमच्याकडचीही गेली का' असं एकमेकांना विचारायचा कार्यक्रम झाला. दुसऱ्याचीही गेली आहे एवढं कळलं की सगळे समाधानाने दारं लावून घेतात. मी टेबलाशी बसले आहे आणि फोन समोर ठेवला आहे. गुरुवारी लाइट गेली की मला वाघोलीहून फोन येतो. एक म्हातारी बाई फोन करतात, माझ्यावर डाफरतात आणि माझं उत्तर ऐकून न घेता ठेवून देतात. गेली काही वर्षं हे कधी चुकलेलं नाही. आज अजून फोन आलेला नाही.

तोही असाच ऑक्टोबर होता. मी तेव्हा कर्वेनगरमधल्या एका लहानशा कंपनीत होते. मधली भिंत पाडून दोन फ्लॅट जोडलेले होते. एका स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोल्डरिंग चाले, दुसऱ्याच्या ओट्यावर चहा. मालक म्हणजे आमचे शिरीष सर. माणूस हुशार होता, हे मी आजही नाकारणार नाही. पण हुशार माणसाला एखादी गोष्ट पटली की ती जगाने मान मोडेस्तोवर पटवून घ्यावी, असं त्याला वाटतं, तसं त्यांचं होतं. त्यांना 'कमी' पटलं होतं. कमी सामान, कमी कपडे, कमी जेवण, कमी बोलणं. हॉलमध्ये त्यांनी पाटी लावली होती, 'कमी करा'. पुण्यात पाटी लावतात ती आल्यागेल्याला सुनावण्यासाठी. ही आम्हाला सुनावण्यासाठी होती.

आम्ही एक डबी बनवत होतो. साबणाच्या वडीएवढी, भिंतीवर लावायची. करोनाच्या काळात लोकांनी घाबरून घरोघरी ऑक्सिजनची मशिनं घेतली होती, आणि ती पुढे हातोहात फिरून दम्याच्या, फुप्फुसाच्या जुन्या पेशंटांकडे गेली होती. मशिनं अजून चालत होती, पण लाइट गेल्यावर वाजणारी त्यांची पिपाणी बहुतेकांची बसलेली. मशीन बंद पडलं आणि पेशंट झोपेत असला, तर घरातल्या माणसांना कळायचं कसं? तर आमची डबी ओरडणार. लाइट गेली, हवेचा दाब उतरला, नळी निघाली, की ओरडणार. एवढंच तिचं काम. तिच्यात एक लहान चिप होती, आणि त्या चिपवर चालायला एक कर्नल हवा होता. तो बारीक करणं हे माझं काम.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यंत्रात सगळ्यांत आधी जागा होणारा, आणि बाकीच्या प्रोग्रामांना जागा, वेळ, मेमरी वाटून देणारा. जगातल्या हजारो लोकांनी वर्षानुवर्षं त्यात आपापली भर घातलेली असते. कधीकाळच्या टेपवर लिहायची सोय, कुणी आता विकत घेत नाही त्या जॉयस्टिकची सोय, ज्या नेटवर्कना आपण कधी जोडले जाणार नाही त्यांच्या भाषा. मोठ्या कॉम्प्युटरला हे सगळं पोटात घेऊन बसायला जागा असते. साबणाच्या वडीला नसते. म्हणून मग एकेक सोय बंद करत जायचं. दिवाळीच्या आधी माळा आवरतो ना, तसंच हे काम. अर्ध्या वस्तूंकडे बघून आपल्याला वाटतं, ही आपल्याकडे का आहे? आणि उरलेल्या अर्ध्यांकडे बघून वाटतं, ही टाकली आणि उद्याच लागली तर?

मला हे काम आवडायचं. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे खरं वाटणार नाही, पण त्या कामात मी तासन्‌तास कुणाला टोचून न बोलता बसू शकत असे. आमच्याकडे त्याची एक पद्धत होती. एक सोय काढायची, चिपचा बोर्ड सुरू करायचा, आणि कोण ओरडतंय ते ऐकायचं. कर्नल बोलका असतो. जागा होताना तो पडद्यावर ओळीमागून ओळ टाकतो. हे सापडलं, ते सापडलं नाही, याच्या भरवशावर होतो ते जागेवर नाही, इथे मेमरी पुरली नाही, हे असं व्हायला नको होतं. नको ते काढलं गेलं तर तो लगेच सांगतो. आपण जीभ चावायची आणि काढलेलं परत आत ठेवायचं. कुणीच ओरडलं नाही, तर काढलेलं खरंच अडगळ होतं असं समजून पुढे जायचं. मी लहानपणापासून ज्या घरात वाढले तिथे सगळे सतत एकमेकांवर ओरडत असत, त्यामुळे असेल, पण मला त्या ओळी वाचायला बरं वाटे. काही बिघडलं तर कुणीतरी सांगेल, ही खात्री असे.

मग सरांनी चिप बदलली. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हिंडून त्यांनी एक आणखी लहान चिप शोधून आणली, तळहातावर ठेवून आम्हाला दाखवली, आणि यात बसवा म्हणाले. निम्मी जागा. जे काढण्यासारखं होतं ते मी आधीच काढलं होतं. आता हाडालाच हात लागणार होता.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, कर्नल जे बोलतो त्या वाक्यांनाच केवढी जागा लागते बघा. ते खरं होतं. हजारो वाक्यं, प्रत्येक संभाव्य दुखण्याचं एकेक. एक स्विच बंद केला की सगळी वाक्यं जातात, कर्नल मुका होतो आणि चांगलाच आटतो. हा स्विच अस्तित्वात आहे हे मला माहीत होतं. तो वापरायचाच असेल तर शेवटी वापरायचा, सगळं काढून झाल्यावर, सगळं तपासून झाल्यावर. कारण आपली सगळी पद्धतच ओरडण्यावर उभी आहे. ओरडणारं आधी काढलंत, तर त्यानंतर काहीही काढा, कुणी ओरडणार नाही. मी हे तीन-चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. आवाज चढला असेल. माझा चढतो.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून भीती वाटते. मग ते म्हणाले, "मॅडम, जे काम करत नाही, नुसतं ओरडतं, ते आधी काढायचं."

खोलीत कुणीतरी हसलं. अमोल असावा. अमोल अकोल्याचा, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, कामाला चांगला, पण सरांच्या प्रत्येक वाक्यावर मान डोलवायची खोड. संध्याकाळी त्याने स्विच बंद केला आणि बोर्ड सुरू केला. पडदा काळा राहिला, आणि क्षणात डबीवरचा हिरवा दिवा लागला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? बूट होऊन राहिलं ना?"

सुरू होत तर होतं. त्यानंतरचे दिवस त्या ऑफिसमधले सगळ्यांत आनंदाचे दिवस होते, मी सोडून बाकीच्यांचे. काढा, सुरू करा, ओरडलं कोणी? नाही. अजून काढा. फळ्यावरचा आकडा रोज उतरत होता, आणि उतरला की टाळ्या. मेमरी संपत आली तर इशारा देणारा भाग काढला, कुणी ओरडलं नाही. घडू नये ते घडलं तर थांबवणाऱ्या तपासण्या काढल्या, तरी नाही. शेवटी, यंत्र अडकून पडलं तर त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारा पहाराही काढला. सर म्हणाले, बघा, इतकी वर्षं लोक हे ओझं विनाकारण वाहत होते. दसऱ्याच्या दिवशी टेबलाटेबलावर झेंडूची फुलं ठेवली होती, मॉनिटरला हळदकुंकू लावलं होतं, आणि निम्म्या जागेत बसलेल्या कर्नलचे पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. पेढ्याशी माझं भांडण नव्हतं.

त्याच दिवशी सरांनी सांगितलं, की पहिली डबी त्यांनी स्वतःच्या घरी लावली आहे, वाघोलीला, आईच्या पलंगाशी. सगळ्यांना भरून आलं. मला ती डबी काढून आणावीशी वाटली.

माझ्या टेबलावरची डबी मी पेढे वाटायच्या आधीपासून चालू ठेवली होती. एखाद-दोन तास तपासून बंद करायची ही त्यांची रीत मला पसंत नव्हती. मी ती लावली आणि विसरून गेले, घरातलं माणूस विसरेल तशी. दसऱ्यानंतर कामावर परत आले तेव्हा सहज म्हणून तिचा प्लग काढला. ती ओरडायला हवी होती. ओरडली नाही. हिरवा दिवा मात्र आतल्या बॅटरीवर मजेत जळत होता. आत काय झालं होतं ते मला हळूहळू उलगडलं. थोडी थोडी मेमरी झिरपत होती, फार नाही, पण त्या एवढ्याशा जागेत काही दिवसांत ती संपत होती. मेमरी संपली की कर्नल सगळ्यांत जड प्रोग्रामला मारून जागा करतो. आणि आमच्या डबीत एकच जड प्रोग्राम होता, ओरडणारा. कर्नलने त्याला मारलं. पूर्वीचा कर्नल असता तर मारताना तसं सांगितलं असतं. हा मुका होता. ओरडणारा गेला आणि दिवा तेवढा चालू राहिला.

मी ती डबी उचलून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सर म्हणाले, एकच पीस आहे, सोल्डर सुटलं असेल. मी म्हटलं, तुमच्या आईकडची काढून आणा. ते म्हणाले, आईकडची गुरुवारी लाइट गेल्यावर व्यवस्थित वाजली. मी म्हटलं, ती लावून एकच दिवस झाला होता, वाजणारच, पुढच्या वेळी वाजणार नाही. त्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही दमला आहात, जरा ब्रेक घ्या, दिवाळीनंतर बोलू. ब्रेक म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. माझ्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशी अमोलची बॅग होती.

पुणेकरांच्या कुरकुरीवर जग हसतं. हसू दे. मी त्या दिवाळीच्या आधी घरी बसून माळा आवरत होते आणि याचाच विचार करत होते. आमच्या गल्लीत दुधाची पिशवी फुटकी निघाली तरी पाच जण दुकानदाराला ऐकवतात, आणि म्हणून सहाव्याला चांगली पिशवी मिळते. तक्रार करणारा माणूस लोकांना नकोसा होतो हे मला मान्य आहे. मीही होते. माझ्या दोन्ही बहिणी मला फोन करायच्या आधी मन घट्ट करतात. पण ज्याला काही बिघडलेलं दिसतं आणि तरी जो गोड हसून गप्प बसतो, त्याच्यापेक्षा मला किरकिऱ्या माणूस केव्हाही परवडला. हे मी माळ्यावर, धुळीत, फुटक्या पणत्यांशी मोठ्यांदा बोलत होते, आणि खाली शिडी धरून उभा असलेला नवरा हो हो म्हणत होता. शेवटी तो म्हणाला, हे सगळं मला सांगून काय उपयोग? बुधवार होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार.

सरांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. सकाळी लवकर स्कूटर काढली आणि वारज्याहून वाघोलीला गेले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ऑक्टोबरच्या उन्हात अख्खं पुणं आडवं कापून नगर रोडवरून जाणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. प्रत्येक सिग्नलला तोच ट्रक बाजूला येऊन उभा राहत होता आणि माझ्या तोंडावर धूर सोडत होता. मी सरांना शिव्या देत होते, ट्रकला देत होते, आणि त्या ऊन नावाच्या प्रकाराला देत होते. मनात एकच होतं, लाइट जायच्या आत पोचायचं.

सरांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. सर आणि त्यांची बायको कामावर गेलेली. दार आईंना सांभाळणाऱ्या मावशींनी उघडलं. आतल्या खोलीत खिडकीशी पलंग, पलंगाशी गुरगुरणारं ऑक्सिजनचं मशीन, नाकाला नळी लावलेली एक काटकुळी बाई, आणि भिंतीवर आमची डबी. हिरवा दिवा. या सरांच्या आई. सगळे त्यांना अक्का म्हणत. नारायण पेठेत जन्म काढलेल्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, आणि मुलाने वाघोलीला आणून ठेवल्याबद्दल त्याला कधीही माफ न केलेल्या.

"कोण गं तू?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे ही डबी तू केलीस?"

मी म्हटलं, माझ्या मनाने नाही केली, आणि ती वाजणार नाही हे सांगायला आले आहे.

अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या हाताशी उशाला एक स्टीलची वाटी आणि चमचा होता. वाटीची कड चेपलेली. "मला सांगतेस?" त्या म्हणाल्या. दर दोन शब्दांनंतर त्या श्वासाला थांबत. "गेल्या गुरुवारीच वाजली नाही. लाइट गेली, मशीन थांबलं, ही मावशी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी वाटी बडवली. शेजारची आली म्हणून वाचले. ओठ निळे पडले होते. शिरीषला सांगितलं संध्याकाळी."

"मग?"

"म्हणाला, आई, दिवा हिरवा आहे ना? तुझ्या कुरकुरीला अंत नाही."

माझ्यावर तो माणूस ओरडला असता, तर मला चाललं असतं. मला घरी बसवलं, तेही मी गिळलं होतं. पण या बाईचे ओठ निळे पडले होते त्या दिवशी, आणि तिने ते स्वतःच्या मुलाला सांगितलं होतं. मला इतका राग आला की मी उभ्यानेच ओरडायला लागले, आणि अक्का म्हणाल्या, बस आधी, पाणी पी, मग ओरड.

मावशींना मी अडीअडचणीसाठीचा ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ आणून ठेवायला लावला, नळी जोडून तयार ठेवायला लावली. घरात इन्व्हर्टर होता, पण तो पंख्यादिव्यांपुरता, मशिनाचा भार त्याला पेलत नसे. मग आम्ही दोघी लाइट जायची वाट बघत बसलो. अक्कांनी तेवढ्यात माझं शिक्षण, नवरा, सासर आणि केसांची निगा या सगळ्यांवर ताशेरे ओढले. वाघोलीविषयी म्हणाल्या, इथे माणसं राहत नाहीत, नुसती उतरलेली असतात. मला त्या फार आवडल्या.

लाइट गेली. मशिनाची गुरगुर थांबली तेव्हा खोली अंगावर आल्यासारखी झाली. मावशींनी सिलिंडरची नळी लावली. डबी गप्प. मी सरांना अक्कांच्या फोनवरून फोन लावला, आईचं नाव बघून त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"सर, मी अक्कांच्या खोलीत आहे. लाइट गेलीय. ऐका," मी म्हटलं आणि फोन डबीला टेकवून धरला.

खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, सिलिंडरचा बारीक सुस्कारा, बाकी काही नाही. मी बराच वेळ धरून ठेवला.

"मॅडम, काहीच ऐकू येत नाहीये," सर म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आम्हालाही नाही."

अक्कांनी हात पुढे केला, मी फोन दिला. "शिरीष, आई बोलतेय," त्या म्हणाल्या. "कुरकुर करायला फोन केलाय." आणि ठेवून दिला.

सरांनी माझी माफी वगैरे मागितली नाही. मागतील असं मला वाटलंही नव्हतं. अमोलकरवी निरोप आला, मॅडम परत या. मी गेले नाही. पुढे त्यांनी तो डबीचा नाद सोडला, आणि आता ते कशाला तरी लागणारे रंगीत दिवे बनवतात, त्यांत ओरडायचा प्रश्न येत नाही. मी मात्र एक डबी केली, फक्त लाइटवर लक्ष ठेवणारी. बुधवार पेठेत जाऊन चांगली ऐसपैस चिप आणली आणि तिच्यात कर्नल बसवला, चांगला खातापिता, सगळ्या वाक्यांसकट. पहारा परत बसवला. आतला ओरडणारा मेला तर बाहेरचा दिवा विझेल असं केलं. आणि तिचा आवाज बंद करायचं बटण ठेवलं नाही. लाइट आली तरच ती थांबणार. ती मी स्वतः वाघोलीला नेऊन भिंतीवर लावली.

तेव्हापासून दर गुरुवारी अक्कांचा फोन. वाजली, फार कर्कश वाजते, कान फाटले, हिला बटण का नाही ठेवलंस, तुला कुणी इंजिनिअर केलं. मी म्हणते, कमी करणार नाही. त्या फोन आपटतात. कधी बरं आहे का विचारलं नाही, ना त्यांनी, ना मी. गुरुवारी डबी वाजली आणि अक्का भांडल्या, म्हणजे दोन्ही चालू आहेत, एवढं मला पुरे असतं. नव्या ठिकाणी काम करताना आताही मी कर्नल बारीक करते. तिथल्या पोरांना मी एकच नियम घातला आहे, की बोलण्याचा स्विच माझ्याशिवाय कुणी बंद करायचा नाही. ते माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

एवढं लिहून झालं आणि फोन वाजला. अक्कांचंच नाव. मी उचलला, उशीर का केला म्हणून आज आधी मीच भांडणार होते. पलीकडून डबीचा आवाज येत होता, तोच, कर्कश, मी दिलेला. त्यातून सरांचा आवाज आला.

"मॅडम, ही बंद कशी करायची?"

"अक्कांना द्या," मी म्हटलं.

"आई सोमवारी गेली," ते म्हणाले. "झोपेत. मशीन उचलून ठेवलंय. ही तशीच भिंतीवर राहिली, कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्ता लाइट गेली, आणि..."

मला कुणी कळवलं नव्हतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, मी या उन्हाला नावं ठेवत बसले होते, आणि मला कुणी कळवलं नव्हतं. मला त्या माणसाचा परत तेवढाच राग आला, आणि डोळे भरून आले, आणि काय आधी आलं ते सांगता येणार नाही.

"बटण नाहीये, सर," मी म्हटलं.

"हो. आई सांगायची."

रिकाम्या खोलीत डबी ओरडत होती. मला वाटलं ते फोन ठेवतील. मीही ठेवू शकले असते. सप्तपर्णीचं झाड खिडकीबाहेर तसंच उभं होतं, दुपार व्हायच्या आतच तापलेलं.

"राहू दे," सर म्हणाले. "वाजू दे."

दोघांनीही फोन ठेवला नाही. लाइट यायला अजून बराच वेळ होता.